संधिपाद प्राण्यांतील आरएनए विषाणू : 'वाहक' या संकल्पनेचा पुनर्विचार

सारांश

डास, वाळूमाशी, गोचीड यांसारखे संधिपाद प्राणी विषाणूंचे केवळ वाहक आहेत, अशी समजूत पाठ्यपुस्तकांतून दृढ झालेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक आरएनए विषाणूंच्या दृष्टीने कीटक हा खराखुरा यजमान असतो. विषाणू त्याच्या पेशींत वाढतो, कधी त्याला आजारी पाडतो, तर कधी पिढ्यान्पिढ्या त्याच्या अंड्यांतून पुढे जातो. चांदीपुरा विषाणू, फळमाशीतील सिग्मा विषाणू, मधमाश्यांचे विषाणू आणि पुण्यात विकसित झालेल्या डासांच्या पेशीमालिका यांच्या आधारे प्रस्तुत लेखात ही बाब स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : आरएनए विषाणू, संधिपाद, यजमान, वाहक, चांदीपुरा, मधमाशी, आरएनए हस्तक्षेप, वोल्बाकिया.

१. प्रस्तावना

पीतज्वर डासांमार्फत पसरतो, हे वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० साली क्यूबामध्ये सिद्ध केले. त्या प्रयोगांत एक महत्त्वाची बाब नोंदली गेली होती. रुग्णाचे रक्त शोषलेला डास लगेच दुसऱ्यास रोग देत नाही. त्यासाठी सुमारे बारा दिवस जावे लागतात. डास हा निव्वळ उडती सुई असता, तर या विलंबाचे काहीच कारण नव्हते. या बारा दिवसांत विषाणू डासाच्या मध्यांत्रातील पेशींत शिरतो, तेथे वाढतो, शरीरभर पसरतो आणि अखेरीस लाळग्रंथींत पोहोचतो. याचा अर्थ असा की, माणसाला संसर्ग होण्यापूर्वी डासाला संसर्ग झालेला असतो.

डेंग्यूच्या बाबतीतही हेच घडते. याउलट एचआयव्ही डासांमार्फत पसरत नाही, कारण तो डासाच्या पेशींत वाढूच शकत नाही. रक्तासोबत तो पचून जातो. एवढ्या साध्या तुलनेवरूनही 'वाहक' हा शब्द किती अपुरा आहे, हे लक्षात येते. तरीही आपल्या अध्यापनात रोग, रोगजंतू, वाहक आणि रुग्ण अशी सरळ साखळी फळ्यावर काढली जाते आणि त्या साखळीतील कीटकाच्या शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. बालकांचे मृत्यू, मधुमक्षिकापालकांची उपजीविका आणि डेंग्यूनियंत्रणाचे नवे उपाय या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

२. लेखाची उद्दिष्टे

१) संधिपाद प्राण्यांतील आरएनए विषाणूंच्या स्वरूपाचा परिचय करून देणे.
२) कीटक हा विषाणूचा यजमान कसा ठरतो, हे निवडक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) या ज्ञानाचे सार्वजनिक आरोग्य, मधुमक्षिकापालन व अध्यापन यांच्याशी असलेले नाते दाखविणे.

लेख प्रकाशित संशोधनावर, म्हणजेच द्वितीयक स्रोतांवर आधारित असून त्याची पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. आरएनए विषाणूंचे स्वरूप

सर्व पेशीमय सजीवांची आनुवंशिक माहिती डीएनए या रेणूत साठविलेली असते. विषाणूंच्या अनेक कुळांत मात्र हे कार्य आरएनए करतो. काही विषाणूंचा आरएनए पेशीत शिरताच थेट वाचला जातो व त्यापासून प्रथिने तयार होतात. त्यास धन-सूत्री म्हणतात. काहींच्या आरएनएची आधी पूरक प्रत काढावी लागते. ते ऋण-सूत्री होत. काहींमध्ये आरएनएचे दुहेरी सूत्र असते. तिन्ही प्रकारचे विषाणू संधिपाद प्राण्यांत आढळतात.

या विषाणूंचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. आरएनएवरून आरएनएची प्रत काढणाऱ्या विकराला बहुतेक कुळांत स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. मुद्रितशोधन न करता पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढाव्यात, तसा हा प्रकार होय. परिणामी एकाच कीटकाच्या शरीरात एका विषाणूची किंचित भिन्न अशी असंख्य रूपे एकाच वेळी नांदत असतात. परिस्थिती बदलली की त्यांपैकी एखादे रूप वरचढ ठरते. पुढे मधमाशीच्या उदाहरणात याचा प्रत्यय येईल.

संधिपाद प्राण्यांत या विषाणूंचा पसारा किती मोठा आहे, याची कल्पना अलीकडेपर्यंत नव्हती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिपादांच्या ७० जातींमधून ११२ नवे ऋण-सूत्री आरएनए विषाणू नोंदले गेले. २०१६ साली चीन व ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने नऊ संघांतील २२० हून अधिक अपृष्ठवंशीय जाती तपासल्या आणि १४४५ विषाणूंची नोंद केली. अर्थात, अशा अभ्यासांत विषाणू प्रत्यक्ष वाढविलेला नसतो, केवळ त्याच्या आरएनएचा क्रम वाचलेला असतो. त्यामुळे तो क्रम त्या कीटकाच्या पेशींतील आहे की त्याच्या पोटातील अन्नातून वा त्याच्या अंगावरील परजीवीतून आलेला आहे, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट निश्चित म्हणता येते. माणसाला रोग देणारे कीटकजन्य विषाणू हा या विशाल समुदायाचा अगदी छोटा भाग आहे.

४. चांदीपुरा : नागपूरच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ आली असता पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज यांनी दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. तेथील चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचे नामकरण झाले. हा ऋण-सूत्री आरएनए विषाणू रॅब्डोव्हिरिडी या कुळातील, म्हणजे रेबीजच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद आहे. त्याचा आरएनए सुमारे ११ हजार घटकांचा असून त्यात केवळ पाच जनुके आहेत. पुढे १९७० साली तत्कालीन औरंगाबाद परिसरातील वाळूमाश्यांमध्ये तो सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याचा कीटकांशी असलेला संबंध स्पष्ट झाला.

त्यानंतर बरीच वर्षे या विषाणूकडे फारसे लक्ष गेले नाही. २००३ च्या पावसाळ्यात तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदूज्वर झाला व त्यांपैकी १८३ बालके दगावली. या साथीच्या तपासणीत चांदीपुरा विषाणू पुढे आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण आढळले. २०२४ साली जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात, मुख्यत्वे गुजरातमध्ये, तीव्र मेंदूज्वराच्या लक्षणसमूहाचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. ताप, फिट, बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असा या आजाराचा वेग असू शकतो. त्यावर मान्यताप्राप्त लस वा विशिष्ट औषध उपलब्ध नाही. म्हणूनच विषाणू कीटकात कसा टिकतो, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो.

वाळूमाशी ही दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ आणि उड्या मारल्यासारखी उडणारी माशी होय. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर कोपरे व सेंद्रिय कचरा येथे ती वाढते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, चांदीपुरा विषाणू फ्लेबोटोमस पपाटासी या जातीच्या मादीकडून अंड्यांमार्फत पुढील पिढीत जाऊ शकतो. प्रयोगशाळेतील ही क्रिया निसर्गातही घडत असेल, तर एकही बालक आजारी नसताना विषाणू वाळूमाश्यांमध्ये टिकून राहू शकतो. मग रुग्ण आढळल्यावर केलेली फवारणी पुरेशी ठरणार नाही. भेगा लिंपणे, गोठ्यांची स्वच्छता आणि साथ नसतानाही वाळूमाश्यांचे सर्वेक्षण ही कामे वर्षभर चालू ठेवावी लागतील.

५. कीटकांचे स्वतःचे आजार

विषाणू अंड्यांतून पुढे जाऊ शकतो, ही कल्पना नवी नव्हती. १९३७ साली लेरिटिए व टेसिए या फ्रेंच संशोधकांना फळमाश्यांचा एक विलक्षण वाण आढळला. सामान्य फळमाश्या कार्बन डायऑक्साइड वायूने गुंगतात व थोड्या वेळाने पूर्ववत होतात. या वाणाच्या माश्या मात्र लुळ्या पडून मरत. हा गुणधर्म आईकडून, काही वेळा वडिलांकडूनही, संततीत उतरत असे. परंतु मेंडेलच्या नियमांत तो बसत नव्हता. पुढे उलगडा झाला की हा जनुकाचा नव्हे, तर एका विषाणूचा परिणाम आहे. सिग्मा नावाने ओळखला जाणारा हा विषाणू चांदीपुराच्याच रॅब्डोव्हिरिडी कुळातला आहे. त्याला ना रुग्णाची गरज, ना दंशाची. अंडे व शुक्रपेशी हाच त्याचा मार्ग होय. एकाच कुळातील एक विषाणू बालकांचा जीव घेतो आणि दुसरा माशीच्या वंशातच मुक्काम करतो. या दोहोंमध्ये समान असणारी गोष्ट कीटक ही आहे, माणूस नव्हे.

ऑस्ट्रेलियात १९७० साली रातकिड्यांच्या एका वसाहतीत पाय लुळे पडण्याचा आजार दिसून आला आणि त्यातून रातकिडा-पक्षाघात विषाणूचा शोध लागला. डायसिस्ट्रोव्हिरिडी या कुळातील हा विषाणू पुढे रेण्वीय जीवशास्त्रात प्रसिद्धीस आला. एरव्ही कोणत्याही प्रथिनाच्या निर्मितीस प्रारंभ करण्यासाठी पेशीला अनेक सहायक प्रथिने आणि एक विशिष्ट आरंभक रेणू लागतो. या विषाणूच्या आरएनएचा एक भाग मात्र स्वतःला अशा रीतीने दुमडून घेतो, की तो थेट रायबोसोमवर जाऊन बसतो व या सहायकांविना प्रथिननिर्मिती सुरू करतो. प्रथिननिर्मितीच्या यंत्रणेचा गाभा किती साधा असू शकतो, हे विज्ञानाला रातकिड्याच्या आजाराने शिकविले. याच कुळातील टॉरा विषाणूने १९९२ पासून इक्वेडोरमधील कोळंबी संवर्धनाचे मोठे नुकसान केले. कोळंबीही संधिपादच असल्याने कीटकविषाणूंचा अभ्यास मत्स्यव्यवसायालाही जवळचा ठरतो.

६. मधमाशी : साथ कशी घडते

मधमाश्यांचे अनेक आरएनए विषाणू इफ्लाव्हिरिडी या कुळातील आहेत. त्यांपैकी सॅकब्रूड या आजाराचे वर्णन अमेरिकेत व्हाइट यांनी १९१३ साली केले. या आजारात अळीला शेवटची कात टाकता येत नाही. शरीर व कात यांमध्ये द्रव साचून ती पाण्याच्या पिशवीसारखी दिसते व मरते. याच विषाणूचा एक प्रकार, थाई सॅकब्रूड, १९७६ मध्ये थायलंडमधील आशियाई मधमाश्यांत आढळला. आपण जिला सातेरी म्हणतो तीच ही माशी. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या विषाणूने सातेरीच्या पेट्यांमागून पेट्या रिकाम्या केल्या आणि केरळसारख्या राज्यात हजारो कुटुंबांचा जोडधंदा कोसळला. त्यानंतर तेथे युरोपीय मेलिफेरा माशी पाळण्याकडे ओढा वाढला. महाबळेश्वर परिसरासह सह्याद्रीतील मधउद्योग मुख्यतः सातेरीवर उभा आहे, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण पंखविकृती विषाणूचे. या विषाणूची लागण असलेल्या कोशातून बाहेर पडणाऱ्या माशीचे पंख चुरगळलेले व पोट आखूड असते. ती उडू शकत नाही आणि थोड्याच दिवसांत मरते. हा विषाणू जुनाच आहे व एरव्ही सौम्यही आहे. त्याला घातक बनविले ते व्हॅरोआ या माइटने. माइट हा गोचिडीच्या वर्गातील अष्टपाद जीव असून तो कोशातील माशीच्या अंगाला छिद्र पाडून तिचे शरीरद्रव्य शोषतो व विषाणू थेट तिच्या शरीरात सोडतो. व्हॅरोआचा मूळ यजमान सातेरीच होय. तिच्या पोळ्यात तो प्रामुख्याने नरांच्या कोशांत प्रजनन करतो; त्यामुळे कामकरी माश्या बचावतात व वसाहत टिकते. मेलिफेरामध्ये तो कामकरी माश्यांच्या कोशांतही वाढतो आणि तेथेच अनर्थ होतो.

हवाई बेटांवर याची जणू नैसर्गिक चाचणीच घडली. तेथील ओआहू बेटावर व्हॅरोआ २००७ मध्ये आढळला, काही बेटे मात्र त्यापासून मुक्त राहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार व्हॅरोआ पोहोचलेल्या ठिकाणी पंखविकृती विषाणूने बाधित वसाहतींचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर गेले, माश्यांच्या शरीरातील विषाणूंची संख्या दशलक्षपटीने वाढली आणि विषाणूंच्या अनेक रूपांऐवजी एकच रूप वरचढ ठरले. विषाणू तोच होता आणि माशीही तीच होती. बदलला तो केवळ संक्रमणाचा मार्ग. साथ ही निव्वळ विषाणूच्या दुष्टपणातून उद्भवत नाही, तर विषाणू, यजमान व संक्रमण यांच्या नात्यातील बदलातून उद्भवते, हा धडा मानवी साथींनाही लागू पडणारा आहे.

७. कीटकांची संरक्षणव्यवस्था व पुण्याच्या पेशीमालिका

कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. मग इतक्या विषाणूंसह ते जगतात कसे? याचे मुख्य उत्तर आरएनए हस्तक्षेप या यंत्रणेत आहे. या यंत्रणेच्या शोधाबद्दल फायर व मेलो यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या वाढीच्या वेळी पेशीत दुहेरी सूत्राचा आरएनए निर्माण होतो. कीटकाचे डायसर-२ हे विकर त्याचे २१ घटकांचे बारीक तुकडे करते. आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्यांपैकी एकेक तुकडा नमुन्यादाखल जवळ बाळगते आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए शोधून कापून टाकते. विषाणूच्याच अंगाचा तुकडा त्याच्याविरुद्ध ओळखपत्रासारखा वापरला जातो. विषाणूंनीही यावर तोड काढली आहे. न्यूझीलंडमधील एका भुंग्याच्या अळीत सापडलेला फ्लॉक हाउस विषाणू बी-२ नावाचे प्रथिन तयार करून ही यंत्रणा निकामी करतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले.

या संदर्भात पुण्याचे योगदान आवर्जून सांगावयास हवे. १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस व एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून सतत वाढणाऱ्या पेशीमालिका तयार केल्या व त्यांविषयीचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींतून जपानी संशोधक इगाराशी यांनी १९७८ मध्ये सी-६/३६ हा वाण निवडला. डेंग्यू, चिकुनगुनिया यांसारखे विषाणू वाढविण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळा आज हाच वाण वापरतात. त्यात विषाणू इतक्या जोमाने का वाढतात, याचे कारण २०१० मध्ये उमगले. या पेशींतील डायसर-२ निकामी झालेले आहे. पहारेकरीच नसलेल्या वाड्यात पाहुण्यांना मोकळीक मिळावी, तसे हे होय. पुण्यात जन्मलेल्या या पेशी उपयुक्त ठरल्या, त्या त्यांच्या उणिवेमुळे, हे येथे लक्षणीय आहे.

८. केवळ कीटकांत वाढणारे विषाणू आणि त्यांचा उपयोग

१९७५ साली स्टोलर व थॉमस यांना एडिस इजिप्तीच्या पेशीमालिकेत एक अनपेक्षित विषाणू आढळला. तो डेंग्यूच्याच फ्लॅव्हिव्हिरिडी कुळातला होता. परंतु पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशींत तो वाढत नव्हता. त्याला पेशी-संयोजक विषाणू असे म्हणता येईल. प्रारंभी तो प्रयोगशाळेतील अपवाद मानला गेला; पुढे मात्र निसर्गातील डासांतही तो व त्याचे अनेक नातलग सापडले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार हा विषाणू असलेल्या डासांच्या शरीरात डेंग्यू व झिका विषाणूंचा प्रसार कमी होतो. म्हणजेच डासाचे स्वतःचे विषाणू माणसाच्या रोगाचे गणित बदलू शकतात. इस्राएलमधील डासांत आढळलेला ईलात विषाणूही केवळ कीटकांच्या पेशींत वाढतो. त्याच्या या मर्यादेचाच लाभ घेऊन त्यावर चिकुनगुनियाची प्रथिने बसविलेली एक प्रायोगिक लस २०१७ साली प्राण्यांवर यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले.

कीटकविषाणूंच्या अभ्यासाचे सर्वांत मोठे व्यावहारिक फळ फळमाशीतून आले आहे. वोल्बाकिया हा जीवाणू अनेक कीटकांच्या पेशींत राहतो व मादीच्या अंड्यांतून पुढे जातो. तो असलेल्या फळमाश्या काही आरएनए विषाणूंना अधिक काळ तोंड देतात, असे २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. एडिस इजिप्तीमध्ये हा जीवाणू निसर्गतः आढळत नाही. तो या डासात स्थिर करून इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात अशा डासांची व्यापक चाचणी घेण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटले. भारतातही पुदुच्चेरी येथील वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने वोल्बाकियायुक्त एडिस इजिप्तीचे वाण विकसित केले आहेत. येथे डासाला मारलेले नाही; त्याला विषाणूसाठी गैरसोयीचा यजमान बनविले आहे. डास हा यजमान आहे, हे मान्य केल्याशिवाय असा उपाय सुचणेही शक्य नव्हते.

९. निष्कर्ष

१) संधिपाद प्राणी हे बहुतेक कीटकजन्य आरएनए विषाणूंचे यजमान आहेत, रोगवहन हा त्या नात्याचा केवळ एक परिणाम आहे.
२) विषाणू अंड्यांमार्फत पुढे जाण्याची शक्यता लक्षात घेता चांदीपुरासारख्या आजारांत साथीनंतरच्या फवारणीपेक्षा वर्षभराचे कीटकसर्वेक्षण अधिक महत्त्वाचे आहे.
३) विषाणूची घातकता त्याच्या अंगभूत गुणावर जशी, तशीच संक्रमणाच्या मार्गावर अवलंबून असते, मधमाशी व व्हॅरोआ यांचे उदाहरण हे स्पष्ट करते.
४) फळमाशी, रातकिडा यांच्या वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या अभ्यासातूनच प्रथिननिर्मितीचे मूलभूत ज्ञान व डेंग्यूनियंत्रणाचा उपाय प्राप्त झाला आहे.

१०. समारोप

वाळूमाशीच्या जाती ओळखणे हे किचकट काम आहे. त्यासाठी माशी पकडावी लागते, काचपट्टीवर चढवावी लागते व सूक्ष्मदर्शकाखाली तिचे अवयव तपासावे लागतात. हे कौशल्य प्राणिशास्त्राच्या पदवीवर्गात सहज शिकविता येण्याजोगे आहे. जनुकक्रम वाचणारी यंत्रे कितीही प्रगत झाली, तरी तो क्रम कोणत्या माशीतून आला हे सांगणारा माणूस लागतोच. ग्रामीण महाविद्यालयांच्या परिसरातच गोठे, मातीच्या भिंती व मधपेट्या आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात केलेल्या साध्या नोंदी आरोग्ययंत्रणेला आणि मधुमक्षिकापालकांना उपयोगी पडू शकतात. त्यासाठी प्रथम आपल्या वर्गातील फळ्यावरची साखळी बदलावी लागेल आणि तीत कीटकाच्या नावापुढे 'वाहक' या शब्दाबरोबर 'यजमान' हा शब्दही लिहावा लागेल.